पाहुण्यांचा माठ

निमाआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात माईक होता. मलकापुरात एका निवृत्त मुख्याध्यापकांचा सत्कार चालला होता आणि सूत्रसंचालन, अर्थातच, माझ्याकडे होतं. गेली कित्येक वर्षं आमच्या भागात कुणाचा सत्कार, उद्घाटन किंवा शोकसभा माझ्या आवाजावाचून पार पडलेली नाही. आपण आयुष्यात काय काय केलं हे सत्कारमूर्तींनाही माझ्याच तोंडून पहिल्यांदा कळतं, असं लोक म्हणतात. खिशातला फोन दोनदा थरथरला. तिसऱ्यांदा थरथरला तेव्हा मी त्या मुख्याध्यापकांना नुकताच ‘ज्ञानाचा हिमालय’ म्हणून बसलो होतो. पडद्याआड जाऊन फोन घेतला. बुलढाण्याहून आत्याच्या शेजारीण बोलत होत्या. म्हणाल्या, तुमच्या आत्या सकाळी उठल्या, माठ भरला, चहा घेतला, पेपर वाचायला खुर्चीत बसल्या आणि... मी परत माईकपाशी आलो. समोर दोनशे माणसं, आणि मला जन्मात पहिल्यांदा पुढचं वाक्य सुचेना. आत्याला माझी ही भाषणं मुळीच आवडत नसत. “सुध्या, तुह्या भाषनात विशेषनं लय अन् माहिती कमी,” असं ती म्हणायची. म्हणून आज दीड महिन्याने लिहायला बसलोय ते शक्यतो माहितीच द्यायची असं ठरवून. जमेलच असं नाही. सवय जुनी आहे.

तर माहिती. डॉ. निर्मला ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वडिलांना ती ‘भाऊ’ म्हणायची, आणि तिचं ऐकून मीही भाऊच म्हणायला शिकलो. ती जीवरसायनशास्त्रातली डॉक्टर. इंजेक्शन देणारी नव्हे, हे आमच्या गावाला अखेरपर्यंत पटलं नाही. सुट्टीवर आली की ओसरीवर खोकलेकरी रांग लावून बसायचे, आणि ती एकेकाला सांगायची, की बाबा, मी माणसाला तपासत नाही, त्याच्या रक्ताला तपासते. लोक मान डोलवायचे आणि जीभ बाहेर काढून दाखवायचे. हैदराबादच्या एका मोठ्या संशोधन संस्थेत तिने तीस वर्षं काढली. माणसं काय खातात, काय पितात आणि त्याचं शरीरात पुढे काय होतं, हा तिचा विषय. आणि या विषयाची सुरुवात, माझ्या मते, आमच्या आजीच्या चुलीवर झाली.

आमचं गाव सोनाळ्याच्या खाली, खारपाणपट्ट्यात. विहीर कुठेही खणा, पाणी खारं. सोनाळ्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला मात्र गोडं पाणी. तिथून दर तीन-चार दिवसांनी बैलगाडीवर ड्रम घालून ते आणायचं आणि घराघरांत कोपऱ्यातल्या एका वेगळ्या माठात झाकून ठेवायचं. तो माठ पाहुण्यांचा. घरची माणसं खारं प्यायची, पाहुण्याला गोडं. यात मोठेपणा कुणी मानत नसे. पायताण बाहेर काढून घरात शिरावं, इतकं ते साधं होतं. आता खाऱ्या पाण्याची खोड अशी की त्यात डाळ शिजत नाही. सकाळी चढवलेलं वरण दुपारी उतरवलं तरी दाताखाली कचकच. दहा वर्षांच्या निमीने आजीला विचारलं, की डाळ काऊन शिजत नाही. आजी म्हणाली, नशीब. निमीला हे उत्तर अपुरं वाटलं. तिने दोन बोळकी घेतली, दोन्हींत सारखी डाळ मोजून टाकली, एकात विहिरीचं पाणी घातलं आणि एकात पाहुण्यांच्या माठातलं. दुसऱ्या बोळक्यातली डाळ लोण्यासारखी शिजली. नेमके त्याच दुपारी साखरखेर्ड्याचे सोयरे आले आणि माठाच्या तळाशी एक पेलाभरही पाणी नव्हतं. जगातल्या किती शास्त्रज्ञांना पहिल्या यशस्वी प्रयोगाबद्दल फुंकणीचा मार बसला असेल कोण जाणे. आत्या मात्र सांगायची, की मार बसत असतानाही डोक्यात एकच गोष्ट होती: डाळ शिजली.

पुढे ती मलकापुरात मामाकडे राहून शिकली, मग नागपूर, मग हैदराबाद. लग्न केलं नाही. का केलं नाही असं विचारणाऱ्याला ती म्हणायची, की वेळेवर कुणी रक्ताचा नमुना दिला नाही. आमच्या भागात अभ्यासाला आली की बर्फात ठेवलेल्या नळ्यांचा डबा मांडीवर घेऊन एसटीने मलकापूर स्टेशन गाठायची. एकदा कंडक्टरने विचारलं, बाई, डब्यात काय आहे. ही म्हणाली, “रक्त.” त्याने विचारलं, कुणाचं. ही म्हणाली, “चाळीस बायांचं.” त्यानंतर मलकापूर येईपर्यंत तिच्या शेजारची सीट रिकामी राहिली, मागे माणसं लोंबकळत असूनही. मी शेजारी उभा होतो. मलाही बसायचा धीर झाला नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती आजवर मी माईकवर एकदाच सांगितली आहे.

आमच्या पट्ट्यात मूत्रपिंडाचा आजार फार. भाऊंनाही तो होता. पाय सुजायचे, जेवण जायचं नाही, अकोल्याच्या डॉक्टरांच्या फेऱ्या चालायच्या. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून मी भाऊंसाठी सोनाळ्याचं गोडं पाणी वेगळं आणून ठेवत असे. याच आजाराचा शोध घ्यायला आत्याने गावात पाहणी काढली. माणसांचं रक्त, लघवी आणि त्यांच्या घरचं पिण्याचं पाणी, असे तीन नमुने. विहिरीचं पाणी वेगळं घ्यायचं नाही. विहीर काय पिते ते नको, माणूस काय पितो ते पाहिजे, असं तिचं म्हणणं, आणि ते ऐकायला अगदी बिनचूक होतं. मी तेव्हा गावातल्याच शाळेत गुरुजी होतो. रक्ताचं काम तिचं आणि तिच्या दोन सहकारी बायांचं. पाण्याच्या बाटल्या माझ्याकडे.

मी काय केलं? मारुतीच्या देवळावरचा लाउडस्पीकर लावला. “ग्रामस्थहो, आपल्या गावची सुकन्या, थोर शास्त्रज्ञ, तुमच्या घरचं पाणी तपासायला हैदराबादहून येत आहे. गावाची अब्रू आता तुमच्या हातात आहे.” आवाज शेजारच्या दोन गावांत ऐकू गेला म्हणे. मग बाटल्या घेऊन घरोघर फिरलो. पहिलं घर पार्वताबाईंचं. गल्लीतल्या वजनदार बाई, पाच एकराच्या मालकीण, आणि आत्याच्या लहानपणच्या मैत्रीण. त्यांनी बाटली हातात घेतली आणि विचारलं, “कोनतं पानी देऊ, गुरुजी?” माणसाच्या आयुष्यात एखादा क्षण असा येतो की एका साध्या उत्तराने पुष्कळ काही वाचलं असतं. मी छाती काढून म्हणालो, “चांगलं द्या पार्वताबाई, हैदराबादले जाऊन राह्यलं ते.” त्या आत गेल्या आणि चांगलं पाणी घेऊन आल्या. मग सगळ्या गावाने चांगलं पाणी दिलं.

तीन महिन्यांनी निकाल आला. पाणी उत्तम. सगळ्या घरांचं सारखं, जणू एकाच विहिरीचं. आत्याला ते चमत्कारिक वाटलं नाही, कारण ती गाव सोडून गेल्यावर नवी सार्वजनिक विहीर खणली गेली होती, हे भाऊंनी तिला पत्रात कळवलं होतं. तिला वाटलं, नवीला गोडं लागलं असणार. आणि पाहुण्यांचा माठ? तो तिलाही ठाऊक, मलाही ठाऊक. त्यापायी तिने फुंकणीचा मार खाल्लेला. पण आम्हाला ते इतकं ठाऊक होतं की आठवलंच नाही. अहवाल छापला गेला. या गावातल्या आजाराचं कारण पाण्यात दिसत नाही, दुसरीकडे शोधावं लागेल. जिल्ह्याच्या ठिकाणी कुणीतरी तो वाचला, आणि नळयोजनेच्या यादीतून आमचं गाव गळलं. पाणी चांगलं असलेल्या गावाला नळाची घाई कशाला?

अहवाल घेऊन आत्या गावी आली तेव्हा भाऊ खाटेवर होते. त्यांनी विचारलं, “निमे, पानी चांगलं हाये ना मंग?” ती म्हणाली, “हाव भाऊ. चांगलं हाये.” दुसऱ्या दिवसापासून भाऊंनी सोनाळ्याचं पाणी बंद करायला लावलं. बैलाचे आणि पोराचे हाल कशाला, म्हणाले. मी म्हटलं, भाऊ, विहिरीचं खारं लागते. “लागते खारं,” ते म्हणाले, “पन निमी म्हनते चांगलं हाये. तिच्या मशीनपुढं आपल्या जिभेचं काय घेऊन बसला?” आणि मी, ज्याने स्वतःच्या हाताने त्या बाटल्या भरून आणल्या होत्या, तो मी... मान डोलावली. मलाही जिभेपेक्षा मशीन मोठं वाटलं. चार महिन्यांनी भाऊ गेले.

तेरवीला गावजेवण होतं. मांडवात पंगत बसली. आत्या बायांच्या पंगतीत. वरणभाताचा पहिला घास तिने तोंडात घातला आणि ती थांबली. भावाच्या आठवणीने घास अडकला असेल असं वाटून मी पाण्याचा तांब्या घेऊन धावलो. तिने तोंडातून काहीतरी तळहातावर काढलं आणि त्याच्याकडे बघत राहिली. तुरीच्या डाळीची एक टणक पाकळी.

“सुध्या, हे वरन कोन्या पान्यात शिजवलं?”

“विहिरीच्या. एवढ्या मानसाईले गोडं पानी कुठून आनू, आत्या?”

“नव्या विहिरीच्या?”

“हाव. नवी काय अन् जुनी काय, दोन्हीले खारंच लागलं.”

तिने माझ्या हातातल्या तांब्याकडे पाहिलं. “अन् हे?”

“हे सोनाळ्याचं,” मी म्हणालो. “पावन्याईचं.”

भावाच्या तेरवीचं ताट तिने पूर्ण संपवलं, कचकचणाऱ्या डाळीसकट. हात धुतला आणि मला गोठ्यात बोलावलं. तिथे, डोकं भादरलेला मी आणि दावणीचे दोन बैल, असे आम्ही तिघे तिच्यासमोर उभे. लाउडस्पीकरवर काय बोललास ते जसंच्या तसं म्हण, म्हणाली. मला ती सगळी घोषणा पुन्हा म्हणावी लागली. थोर शास्त्रज्ञ, सुकन्या, अब्रू, सगळं. माझ्या रंगमंचीय कारकिर्दीत एवढा वाईट प्रयोग दुसरा झाला नाही. मग पार्वताबाईंचा प्रश्न आणि माझं उत्तर सांगितलं. ‘चांगलं द्या’ ऐकल्यावर तिला हसू फुटलं. ती खरंच हसली, पदर तोंडाला लावून, आणि हसता हसता गव्हाणीवर बसली, आणि मग ते हसणं राहिलं नाही.

बऱ्याच वेळाने मी विचारलं. विचारल्यावाचून राहवलं नसतं. “आत्या, भाऊ सोनाळ्याचंच पानी पेत राह्यले असते तं...?”

कुणीही असती तर म्हणाली असती, नाही रे बाळा, त्यांचं आयुष्यच तेवढं. आत्याने डोळे पुसले आणि म्हणाली, “मले माहीत नाही. आजार जुना होता. एकट्या पान्यानं होते काय, हेही अजून मले माहीत नाही. अन् जे माहीत नाही ते मी तुह्या समाधानासाठी सांगनार नाही, सुध्या.” मी तेव्हा चिडलो. भावाच्या तेरवीला तरी माणसाने थोडं खोटं बोलावं की नाही? आज इतक्या वर्षांनी वाटतं, माझ्याशी इतक्या आदराने त्यानंतर कुणी बोललेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही जिल्ह्याच्या कार्यालयात गेलो. साहेब सज्जन होते. त्यांनी चहा मागवला आणि समजावलं, की मॅडम, अहवाल छापून झाला, तुमचं नाव मोठं आहे, पुढच्या पाहणीत हळूच दुरुस्ती करून टाका. छापलेला अहवाल कोण परत घेतं? आत्या म्हणाली, “ज्यानं लिहिला तो.” आणि तिथेच बसून तिने पत्र लिहिलं. मी मान लांब करून वाचत होतो. ‘पाण्याचे नमुने गोळा करण्याची पद्धत ठरवताना माझ्याकडून चूक झाली.’ पुढच्या ओळीत माझं नाव येईल म्हणून मी श्वास धरून बसलो होतो. पुढच्या ओळीत सही होती. हैदराबादला आपल्या संस्थेतही ती सगळ्यांसमोर उभी राहून हेच बोलली, इतकंच आणि एवढंच. वरचढ होण्यासाठी टपलेली माणसं तिथेही होती. त्यांनी दोन वर्षं तिला ‘गोड्या पाण्याच्या बाई’ म्हणून हिणवलं, असं पुढे तिच्या विद्यार्थिनींनी मला सांगितलं.

नुसतं पत्र लिहून गाव यादीत परत येणार नव्हतं. नवे नमुने हवे होते, आणि खरे हवे होते. तिने रजा काढली आणि गावात राहायला आली. आमच्या घरी नाही, कारण तिथे ती कौतुकाची लेक, कामाला कुणी हात लावू दिला नसता. पार्वताबाईंकडे. पार्वताबाईंनी पहिल्या दिवशी तिला गादी घातली, ‘डॉक्टरीनबाई, तुमी’ करून बोलल्या आणि पितळी पेल्यात गोडं पाणी दिलं. तिने खारं मागितलं तर म्हणाल्या, की पावन्याले खारं पाजून आमी कुठी तोंड दाखवावं? मग माझ्या आत्याने, जिच्या नावापुढे पदव्यांची रांग होती, तिने पाहुणी नसण्याचं काम सुरू केलं. ती पहाटे शेण काढू लागली. शेतात निंदायला जाऊ लागली. भांडी घासू लागली, वाईट घासली म्हणून बोलणी खाऊ लागली. मी रोज शाळेत जाता-येता चौकशी करायचो, आणि ती मान हलवायची, की अजून गोडंच. पंधरा दिवस गोडंच. सोळाव्या दिवशी भर उन्हाचं दोघी निंदून आल्या. आत्या ओसरीवर टेकली आणि सवयीने म्हणाली, पार्वते, पाणी दे. आणि पार्वताबाई, ज्यांचे स्वतःचे पाय तुटत होते, खेकसल्या, “हात मोडले काय तुहे? ऊठ, निमे. घे तुह्या हातानं.”

आत्या उठली. कोपऱ्यातला माठ ओलांडून उंबऱ्याशी ठेवलेल्या घरच्या रांजणापाशी गेली, पेला बुडवला आणि प्यायली. पार्वताबाईंनी तिला अडवलं नाही. मी दारात उभा होतो. बक्षीस मिळालेली पुष्कळ माणसं मी स्टेजवरून जवळून पाहिली आहेत, पण त्या खाऱ्या घोटानंतर तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते पुन्हा कुठे पाहिलं नाही.

त्यानंतर तिने कुणाकडे पाणी मागितलंच नाही. बाया वावरातून परतायच्या वेळी ती आणि पार्वताबाई घराघरांत जाऊन बसायच्या. घरची बाई कोणत्या भांड्यात पेला घालते ते बघायच्या आणि त्याच भांड्यातलं पाणी बाटलीत भरायच्या. बाटलीवर चिठ्ठी लावायचं काम माझं. बोलायची बंदी. नवे निकाल वेगळे आले, घराघराचे वेगवेगळे, खरे. गाव यादीत परत आलं. नळ यायला पुढे आठ वर्षं लागली, पण आला. आणि ही पद्धत पुढे तिच्या विद्यार्थिनी कुठल्या कुठल्या राज्यांत घेऊन गेल्या. पाहणीला निघणाऱ्या प्रत्येक तुकडीला ती म्हणे एकच सांगायची: लोक पाहुण्याला जे देतात ते मोजू नका.

तिच्या निवृत्तीच्या समारंभाला मी हैदराबादला गेलो होतो. हट्टाने माईक मागून घेतला आणि त्या सगळ्या मोठ्या माणसांसमोर सांगून टाकलं, की ती चूक हिची नव्हती, माझी होती. लाउडस्पीकरसकट सांगितलं, पार्वताबाईंसकट सांगितलं. खाली उतरलो तेव्हा वाटलं, आता ही रागावणार. ती म्हणाली, “आज पहिल्यांदा तुह्या भाषनात माहिती होती, सुध्या.”

निवृत्तीनंतर ती बुलढाण्यात राहिली, दोन खोल्यांच्या घरात. त्या घरात एक माठ, आणि येणाऱ्याला पाणी द्यायची पद्धत नाही. कलेक्टर येवो की दूधवाला, ती खुर्चीतून माठाकडे बोट दाखवायची: घे तुह्या हातानं. नवखी माणसं रागवायची. शास्त्रज्ञ बाई शिकल्या पण रीत नाही शिकल्या, असं बोलायची. मी कुणाला कधी खुलासा केला नाही. त्या सोळाव्या दिवसाची एवढी एक गोष्ट मी माईकपासून वाचवून ठेवली होती.

ती गेली त्या दिवशी दुपारी मी पोचलो, आणि पाठोपाठ गावाहून जीपने पार्वताबाई आल्या. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या, सुनेच्या खांद्यावर हात. संध्याकाळी स्मशानातून परत आलो तेव्हा शेजारच्या एक वयस्क बाई माठ उचलायला निघाल्या होत्या. घरात मयत झालं की भरलेलं पाणी ओतून टाकतात, ते बरोबरच होतं. पार्वताबाई भिंतीला धरून उठल्या.

“राहू दे बाई,” त्या म्हणाल्या. “सकाळचं हाये ते. तिनं भरलं.”

त्यांनी पेला बुडवला आणि उभ्या उभ्या प्यायल्या. पेला धुऊन माठावर पालथा ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मग सून उठली. मग हैदराबादला आत्याकडे शिकलेली एक विद्यार्थिनी. मग ज्यांनी माठ ओतायला घेतला होता त्या शेजारीण. कुणी कुणाला दिलं नाही, एकेक जण उठत गेला. माझी पाळी आली तेव्हा पाणी तळाला गेलं होतं, माठ कलता करावा लागला. आत्याबद्दल काहीतरी बोलावं म्हणून सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी प्यायलो आणि पेला पालथा ठेवला.

पाणी गोडं होतं. ही माहिती आहे, आत्या.